अडीच सुती पाना

मी अडीच सुती पाना बोलतोय; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका टोकाला तोंड असलेला, नट आवळायचा आणि सोडायचा साधा लोखंडी पाना. जालंधरच्या एका भट्टीत ठोकून मला घडवलं, पण माप दिलं जुन्या विलायती गाड्यांचं. धुळ्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी वर्षभर धूळ खात पडलो होतो. मग एक विशीतला तरुण आला. त्याने मला उचललं, माझ्या तोंडात बोट फिरवलं आणि खिशातून काढलेल्या एका नटवर चढवून पाहिलं. मी चपखल बसलो. तो हसला. ते गनी मिस्तरी.

साक्रीत बसस्टँडच्या मागे त्यांचं गॅरेज. त्यांच्याकडे पान्यांच्या तीन कापडी गुंडाळ्या होत्या. एक मिलिमीटरच्या मापाची, एक इंचाची आणि तिसरी आमची, विलायती. प्रत्येक पान्याला शिवलेला खण. डावीकडून चौथा माझा. मिस्तरींच्या बायकोने, सिताराभाभींनी, तो जाड दोऱ्याने शिवला होता.

आमच्या जातीचं एक वेगळंच असतं. अंगावरचा आकडा आमच्या तोंडाचं माप सांगत नाही, बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. नवखा माणूस पट्टीने माझं तोंड मोजतो आणि मला खोटा ठरवतो. मिस्तरींनी आपल्या मुलाला, अरशदला, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"आकडा वाचू नको. नटला विचार," ते म्हणायचे. "या विलायती नटवर मिलिमीटरचा पंधराचा पाना चढत नाही. सोळाचा चढतो, म्हणूनच तो वाईट. हलतो, टोकं खातो, नट गोल करतो. जो चढत नाही तो पाना कुणाचं काही बिघडवत नाही."

अरशद मान हलवायचा. काम त्यालाही चांगलं यायचं. पण तो मोठा झाला तोवर गॅरेजात पिकअप आणि ट्रॅक्टर येऊ लागले होते. आमची गुंडाळी वर्षातून दोन-तीनदाच उघडायची, तीही बहुतेक जीवरामआबांच्या गाडीसाठी.

जीवरामआबा पिंपळनेरकडचे शेतकरी. त्यांच्या वडिलांनी एका जुन्या साहेबाकडून घेतलेली विलायती मोटार त्यांनी जिवापाड जपली होती. गोल दिव्यांची, फिकट हिरवी. ते यायचे तेव्हा शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी कुंदाबाई असायच्याच, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. शेंगा मिस्तरींसाठी. गाडीकडे बोट करून त्या अहिराणीत म्हणायच्या, "मिस्तरी, हाई गाडी मनी सवत शे." जीवरामआबा गालात हसायचे आणि फडक्याने दिवा पुसत राहायचे.

मग मिस्तरींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जेवढी नजर गेली ती परत येणार नाही. हळूहळू उरलेलीही गेली. तरी मिस्तरी रोज गॅरेजात येऊन बसायचे. गुंडाळीवरून हात फिरवत खण मोजायचे आणि नेमका पाना काढायचे. लोक बघत राहायचे. मला त्या दिवसांत फार अभिमान वाटायचा.

एका बाजाराच्या दिवशी कांद्याने भरलेला पिकअप दारात उभा राहिला. खालच्या अडचणीच्या जागेतला एक नट सोळाचा, आणि सोळाचा पाना सापडेना. ड्रायव्हर घाई करत होता. मिस्तरी नमाजाला गेले होते. अरशदने इकडेतिकडे शोधलं, मग आमची गुंडाळी उघडून मला काढलं.

"हा आता कोण वापरतंय," तो पुटपुटला.

माझं तोंड सोळाचं करायला त्याने मला ग्राइंडरच्या चाकाला लावलं. आधी तोंडाची एक बाजू, मग दुसरी. पाव मिनिटाचं काम. केसाएवढं लोखंड गेलं असेल. मी पिकअपच्या नटवर चढलो, काम झालं, पिकअप गेला. अरशदने मला पुसलं. अब्बांच्या हाताला खण रिकामा लागू नये म्हणून त्याने मला परत डावीकडून चौथ्या खणात ठेवलं. त्यात कपट नव्हतं. बापाला वाईट वाटू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

तीन महिन्यांनी जीवरामआबा आले. ब्रेकचं तेल नेणारी एक नळी गंजली होती, ती बदलायची होती. अरशद सुटे भाग आणायला धुळ्याला गेला होता.

"अरशद येऊ दे, आबा. मला आता दिसत नाही," मिस्तरी म्हणाले.

"दुसराना हात नको या गाडीले," जीवरामआबा म्हणाले. "तुम्हीच करा."

मिस्तरींच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड आला. ते गाडीखाली सरकले. गंजलेली जुनी नळी पकडीने सोडवली, नवी लावली. नट हाताने फिरवून बसवला आणि शेवटचं आवळायला मला घेतलं.

मी नटवर हललो.

मिस्तरी थांबले. पुन्हा जोर दिला. मी पुन्हा निसटलो आणि नटचं एक टोक खाल्लं. त्यांनी बोटाने नट चाचपला.

"हात कापतोय आता," ते स्वतःशीच म्हणाले. "पाना कशाला हलेल?"

पंचेचाळीस वर्षांत मी त्यांना कधी फसवलं नव्हतं. म्हणून त्यांनी माझ्यावर शंका घेतली नाही, स्वतःवर घेतली. मला ओरडायचं होतं. लोखंडाला ओरडता येत नाही. त्यांनी सगळी ताकद लावली, नट थोडा फिरला आणि अडला. ब्रेकचं पायडल दाबून पाहिलं तर टणक लागलं. कुंदाबाईंनी शेंगांची पिशवी त्यांच्या हातात दिली. गाडी गेली.

संध्याकाळी अरशद आला. मी फडक्यावर पडलो होतो, तोंडाला ब्रेकचं तेल. त्याने मला पाहिलं आणि तो जागीच उभा राहिला.

"अब्बा, आबांची गाडी आली होती?"

"हो. नळी बदलून दिली. मीच केली," मिस्तरी म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

अरशदने मोबाइल काढला, जीवरामआबांचा नंबर लावायला घेतला. मग बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मोबाइल खिशात ठेवला. उद्या करू, असं त्याला वाटलं असेल. उद्या दुसरी कामं निघाली.

नवव्या दिवशी फोन तिकडूनच आला. घाट उतरताना ब्रेक लागला नव्हता. नळीच्या जोडापाशी तेल थेंब थेंब गळून संपलं होतं. गाडी कठड्यावर आदळली. जीवरामआबांचा खांदा मोडला. कुंदाबाई तिथेच गेल्या.

दहाव्याच्या आधी मिस्तरी अरशदचा हात धरून आबांच्या घरी गेले. जाताना मला सदऱ्याच्या खिशात घातलं होतं. का, ते मला कळलं नाही. ओट्यावर जीवरामआबा गळ्यात हात बांधून बसले होते.

"आबा, माझ्या हाताने झालं," मिस्तरी म्हणाले. "नट आवळताना हात हलला होता. मला कळलं होतं. डोळे गेलेल्या माणसाने नाही म्हणायला पाहिजे होतं. मला मोह झाला."

जीवरामआबांनी चांगल्या हाताने मिस्तरींचा हात धरला. मग म्हणाले, "तुमना हातले मी काय बोलू, मिस्तरी. तुमनाच हात पाहिजे म्हणून मीच ते हट्ट धरा व्हता."

दोघे म्हातारे एकमेकांसमोर रडले. अरशद बापाचं कोपर धरून उभा होता. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "अब्बा, चला, उशीर होतोय."

त्यानंतर मिस्तरी गॅरेजात गेले नाहीत. तिन्ही गुंडाळ्या त्यांनी अरशदला दिल्या. मी मात्र त्यांच्या उशाशी असतो. कधी मला हातात घेतात, पण तोंडात बोट घालत नाहीत. पाना बरोबर आहे, हे त्यांना माहीतच आहे. उजवा हात ते पूर्वीसारखा वापरत नाहीत. चहाचा कपही डाव्या हाताने धरतात. सिताराभाभी विचारतात, दुखतोय का? ते म्हणतात, "नाही. त्याच्यावर भरवसा नाही."

अरशद रोज त्यांच्या शेजारी जेवायला बसतो. मी उशाशी असतो, माझ्याकडे पाठ करून तो बसतो.

वाचणाऱ्यांनो, जुनी गाडी हातात घ्याल तेव्हा आमचा आकडा वाचू नका, नटवर चढवून बघा. हललो तर खाली ठेवा. आणि साक्रीला कधी आलात, तर अरशदला एवढं सांगा: बापाचे डोळे गेले, ते कुणाला परत आणता येणार नाहीत. त्याचा हात मात्र तुला एका वाक्यात परत देता येईल. मला ते वाक्य पाठ आहे, पण मला जीभ नाही.