ऋषिराजची गाडी आणि डेअरीचा ओटा

कऱ्हाटीच्या शिवारातल्या आमच्या वस्तीवर एकच पिकअप आहे आणि सगळ्या वस्तीचं दूध तिच्यावर अवलंबून आहे. रोज सकाळी ती डेअरीच्या ओट्याला पाठ लावून उभी राहते. ओट्याची आणि तिच्या हौद्याची उंची अगदी एक. त्यामुळे भरलेला कॅन उचलावा लागत नाही. तो थोडा कलता करून बुडाच्या कडेवर फिरवत नेला की थेट गाडीत. हे काम प्रयागबाईंचं. साठी उलटली आणि कंबर कुरकुरते, तरी डेअरीचं हे काम त्यांनी सोडलेलं नाही. घरात त्यांना कोणाकडे हात पसरावा लागत नाही, तो या कामामुळेच.

गाडी त्यांच्या मुलाची, ऋषिराजची. एका रविवारी तो बाभळीचे दोन ठोकळे काखेत मारून माझ्याकडे आला. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवून निवृत्त झालेला माणूस. वस्तीवरची बिघडलेली यंत्रं आधी माझ्या अंगणात येतात.

"सर, गाडी मागनं उचलायचीय."

"काय बिघडलंय तिचं?"

"बिघडलं काय न्हाय. पर इंदापूरच्या पोरांच्या गाड्या बघा की! मागनं कशा ताठ, वळू उभा राहिल्यावानी. आपली मातूर बसकी म्हस."

"उचलल्यावर माल जास्त बसेल?"

"न्हाय."

"चाल सुधारेल?"

"न्हाय."

"मग मिळणार काय?"

"रुबाब, सर!"

आमच्या अभ्यासक्रमात रुबाबाचा धडा नव्हता. मी ठोकळे हातात घेतले. ते त्याच्या वडिलांच्या, गेणबांच्या, मोडीत निघालेल्या बैलगाडीचे तुकडे होते.

"लाकडावर मागच्या चाकांचा धुरा बसवलास, तर एक दिवस तू मोरगावात पोचशील आणि तुझी मागची चाकं सुप्यात राहतील."

नको म्हटलं असतं, तर त्यानं लाकूडच घातलं असतं. म्हणून बारामतीहून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ठोकळे आणि ते बांधायला लांब यू-बोल्ट आणवले आणि काम रीतसर केलं. पुढची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना दगडांची उटी लावली. मागून चेसिस उचलून भक्कम आधारावर ठेवली. जुने यू-बोल्ट काढले. धुऱ्याखालचा जॅक हळूहळू उतरवला, तशी स्प्रिंगचे पाटे आणि धुरा यांच्यात फट पडली. ठोकळ्याची खुंटी धुऱ्यावरच्या भोकात नेमकी बसवली, नवे बोल्ट चढवले, नट तिरप्या क्रमानं आवळले आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, तेही पाहिलं.

गेणबा बाजेवर बसून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "बैलाच्या ढुंगणाखाली उशी दिली म्हंजी त्यो जोरात पळतो व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओट्याला लागली आणि प्रयागबाईंचा कॅन थबकला. हौदा ओट्यापेक्षा चार बोटं वर गेला होता.

"ह्यो काय उंबरा घातलास रं माझ्या म्होरं?"

"आये, जरासाच तर हाय."

"जरासा? मग तूच उचल. रुबाब तुझा, अन् भार माझ्या कंबरंला?"

त्या ओट्यावर फतकल मारून बसल्या. ऋषिराजनं दात-ओठ आवळत एकेक कॅन उचलून आत ठेवला. प्रयागबाई पुटपुटल्या, "असं चाललं तर डेअरीवाले दुसरा गडी बघत्याल. मग म्या काय चुलीपुढं बसून राख उकरू?"

गाऱ्हाणं दूध संस्थेच्या चेअरमनकडं, बापूसाहेबांकडं गेलं. संस्थेची निवडणूक तोंडावर आलेली.

"मावशी, काळजी करू नगा. आपुन ओटाच उचलू!"

मी म्हटलं, "बापूसाहेब, ऋषिराजला एक शब्द सांगितलात तर तो ठोकळे काढेल."

"मास्तर, पोराला शब्द सांगितला तर मत जातंय. ओटा बांधला तर नावाची पाटी लागती."

गवंडी आला. ओट्यावर चार बोटं काँक्रीट पडलं आणि ते वाळेपर्यंत ओट्यावर पाय ठेवायला बंदी झाली. आता कॅन जमिनीवरून थेट उंच गाडीत चढवायचे, आणि तेही एकट्या ऋषिराजनं. कारण आईनं हाताची घडी घातलेली, आणि रुबाबाचं कौतुक करणारी पोरं त्या वेळी अंथरुणात.

"आये, एका बाजूनं हात तरी लाव की."

"लावते की. गाडी खाली कर."

"पोरं हसत्याल गं!"

"हसू दे. हसून झालं की कॅन उचलाया बोलीव त्यास्नी."

चौथ्या दिवशी ऋषिराज कमरेवर हात ठेवून, वाकडा होऊन माझ्या अंगणात आला.

"सर, काढा ते ठोकळे. बोलू नगा कुणाला."

"अरे, पण ओटा आता वाळत आलाय. दोन्हीपैकी एकच बदलायचं—"

"ओटा उद्याचा हाय. कंबर आजची हाय."

मी ठोकळे काढले आणि जुने बोल्ट रीतसर आवळून दिले.

उद्घाटनाला बापूसाहेब हार घालूनच आले. पाटीवरचा पडदा सरला, नारळ फुटला. ऋषिराजनं सगळ्यांसमोर गाडी मागं घेतली आणि टाळ्या मध्येच विरल्या. गाडी आता ओट्याच्या चार बोटं खाली होती.

गेणबा पुढं झाले. "झ्याक झालं! पयल्यांदा गाडी वर, आता ओटा वर. मधलं दूध कुठं ठिवायचं, त्येवढं सांगा."

बापूसाहेबांचा चेहरा पडला. ऋषिराज आरशात बघत बसला.

प्रयागबाईंनी मात्र हौद्यात भुशाचं पोतं अंथरलं, एक कॅन कलता केला आणि कडेपर्यंत फिरवत नेऊन सोडला. कॅन 'धप' करून पोत्यावर बसला. थेंबही सांडला नाही.

"आगं बया! ही तर उतरण हाय," त्या म्हणाल्या. "पयल्यापरीस सोपं झालं की!"

बापूसाहेबांनी घसा साफ केला. "मंडळी, माताभगिनींच्या कष्टाचा इचार करूनच आपण दूरदृष्टीनं ह्यो ओटा—"

"बापूसाहेब," प्रयागबाईंनी दुसरा कॅन कलता केला होता, "दूरदृष्टी ऱ्हाऊ द्या, खाली बघा. पाय घ्या मागं."

बापूसाहेबांनी हारासकट मागं उडी मारली, आणि कॅन त्यांच्या पुढून गरागरा निघून गेला.