टेबलाखालची कार्डं

सुताराच्या हातात जादू होती, पण अनोळखी माणूस समोर आला की त्याच्या तोंडाला कुलूप. त्यामुळे कामं येईनात. आणि मेहुणा तर टपूनच बसलेला. "दाजी, ते सुतारकामाचं खटलं बंद करा आणि या आमच्या दुकानात. प्लास्टिकच्या खुर्च्या विकायच्या, डोक्याला ताप नाही." प्लास्टिकच्या! नुसत्या कल्पनेनं सुताराला घास गिळवेना.

शेवटी बायकोनं त्याच्या नाव-नंबराची कार्डं छापून आणली आणि त्याला व्यावसायिकांच्या मेळाव्याला पिटाळलं. "अहो, बोलू नका काही. हसायचं आणि कार्ड पुढे करायचं. एक जरी परत आणलंत तर बघा!"

सभागृहात जो तो कार्डं वाटत सुटला होता. सुतारानं मोठ्या हिमतीनं पहिलं कार्ड काढलं, आधाराला टेबलावर हात टेकवला, आणि टेबल डुगडुगलं. झाली का पंचाईत! दुसऱ्या कुणाला चहा सांडेपर्यंत पत्ता लागला नसता, पण याचे हात शिवशिवायला लागले. तो हळूच वाकला आणि कार्डाची घडी करून टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल गप्प. मग शेजारचं पाहिलं, तेही तसलंच. सगळे एकाच माळेचे मणी! खिसा रिकामा झाला तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"सगळी संपली?" बायको हरखली. "कुणाकुणाला दिलीत?"

"टेबलांना."

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "धन्य आहे तुमची! विका आता दादाच्या खुर्च्या."

सकाळी सुतार रंधा फडक्यात गुंडाळून ठेवत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"सभागृहाची व्यवस्थापक बोलतेय. काल पहिल्यांदाच कुणाच्या कपड्यांवर चहा सांडला नाही. म्हणून टेबलं उचलून बघितली, तर जिथं तिथं तुम्ही! बाकीच्यांची कार्डं मात्र कचऱ्याच्या डब्यात निघाली. आमची सगळी टेबलं नीट करून द्याल? पण लाकडानं हं, कार्डानं नाही."

सुताराचं कुलूप काही उघडेना. बायकोनंच फोन हिसकावला. "द्याल काय विचारता? निघालेच ते!"

सुतारानं रंध्यावरचं फडकं केव्हाच भिरकावलं होतं. दारात थांबून तो म्हणाला, "अगं, कार्डं आणखी छापून आण. आणि कागद जरा जाड घे. कोपऱ्यातल्या टेबलाला दोन लागली."