चौथा रकाना

आमच्या स्टुडिओत आलेल्या पटकथा वाचायचं काम माझं. वाचून झाली की फॉर्म भरायचा. त्यातला चौथा रकाना: 'कोणत्या गाजलेल्या सिनेमासारखी आहे?' तो रिकामा दिसला की साहेब पान उलटायचेही कष्ट घेत नाहीत. बावीस वर्षांत रिकाम्या रकान्याची एकही पटकथा पडद्यापर्यंत गेलेली नाही. मी मोजत आलोय.

यंदा भाचीनं स्वतःची पटकथा आणली. बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रोज कामावर येणाऱ्या बाईची गोष्ट. मी दोनदा वाचली. कशासारखीच नव्हती हो!

"मामा, या वेळी नाही झालं तर लिहिणं बंद. नोकरी धरते."

मग मी चौथ्या रकान्यात एक नाव ठोकून दिलं: 'तारेपलीकडची', तीस वर्षांपूर्वीचा. असा सिनेमा कधी निघालाच नव्हता.

बैठकीला भाचीलाही बोलावलं होतं. साहेबांनी फॉर्म उघडला आणि खुर्चीतून उठलेच.

"'तारेपलीकडची'! काय सिनेमा होता!"

मी कप खाली ठेवला. "पाहिलाय तुम्ही?"

"तीनदा! शेवटी ती रिसीव्हर ठेवते तेव्हा आमची ही हमसून हमसून रडली होती."

तो शेवट भाचीच्या पटकथेचा, वरच्याच रकान्यात मी लिहिलेला.

"गाणी जरा लांबली होती," वितरक म्हणाले. जाहिरातवाल्या बाई तर एक गुणगुणायलाच लागल्या. क्षणभर वाटलं, आपणच पाहून विसरलो की काय?

"रिमेक करायचा!" साहेब म्हणाले. "पण लिहायला मुरलेला माणूस घ्या. या पोरीला जुन्यातलं काय कळणार?"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर सिनेमा जाणार, गप्प बसावं तर भाची.

"मूळ लिहिला कुणी होता हो?" साहेबांनी मला विचारलं.

मी चष्मा पुसू लागलो. भाची म्हणाली, "माझ्या आईनं."

आई म्हणजे माझी ताई. पडदे शिवते. सामानाची यादीसुद्धा माझ्याकडून लिहून घेते.

"अरे, भेटलोय की मी त्यांना! उंच, सडपातळ बाई."

ताई माझ्या खांद्यालाही लागत नाही. सडपातळचं तर सोडाच.

"मग लेकच लिहील. अट एकच, आईचा एक शब्दही बदलायचा नाही."

"नाही बदलणार," भाची म्हणाली.

संध्याकाळी भाचीला घेऊन ताईकडे गेलो. तोंडात टाचण्या धरून ती पडद्याची दुमड घालत होती.

"ताई, पडद्यावर तुझं नाव येणार. लेकीच्या आधी. तीस वर्षांपूर्वी तू सिनेमा लिहिला होतास."

तिनं एकेक टाचणी काढून उशीत खोचली. लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालला होता का रे?"

"साहेबांनी तीनदा पाहिला."