सिदातीच्या हातातला खोटा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, असं मला पाहून कुणीही म्हणेल. तिथेच तर सगळा घोटाळा झाला. मी कारखान्यात ओतलेला, रंगवलेला, पोटात लहानसं यंत्र असलेला दगड आहे. रुळाखालच्या खडीत बसायचं आणि गाडी गेली की आपण किती हललो, किती कललो, ते खांबावरच्या पेटीला कळवायचं, हे माझं काम.

माझी नेमणूक मॉरिटानियाच्या वाळवंटात एका वळणावर झाली. तिथून लोहखनिजाची गाडी जाते, डबे संपता संपत नाहीत अशी. ती आली की आम्ही दगड एकमेकांना घट्ट धरून ठेवायचो. पण वाऱ्याने वाळू आमच्यात शिरत होती, खडी खचत होती, आणि प्रत्येक गाडी गेली की मी जिवाच्या आकांताने ते कळवत होतो. रेल्वेच्या ठाण्यात तिसलेम नावाची तरुण इंजिनिअर माझं ऐकायची. "हा दगड खोटं बोलत नाही," असं ती म्हणायची तेव्हा माझी छाती फुगायची. माझ्या सांगण्यावरून तिने वळणावर गाडी हळू चालवण्याची पाटी लावली. तिच्या साहेबांना ती पाटी पहिल्या दिवसापासून खुपत होती.

वळणापाशी सिदाती राहायचा, रुळावरची वाळू फावड्याने लोटणारा म्हातारा. पाणी पिण्यापुरतंच मिळे, म्हणून नमाजाआधी तो तिथल्या रिवाजाप्रमाणे स्वच्छ दगडावर तळवे टेकून तोंडाहातांवरून फिरवायचा. त्याचा दगड हरवला होता. वाळू उपसताना त्याला मी सापडलो. मला पुरलं तेव्हा तो रजेवर होता, आणि नंतर त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"वा! काय देखणा दगड!" म्हणत त्याने मला तंबूत नेलं.

आता गाडीचा भार नाही, फक्त दोन सुरकुतलेले तळवे. मी तेही इमानाने कळवत राहिलो. माझा जीव तुटत होता, पण मी कुठे आहे हे सांगणारं यंत्र माझ्या पोटात नव्हतं. ठाण्यात त्या हलक्या स्पर्शांनाच गाडीचे धक्के समजले. साहेब म्हणाले, "बघ, खडी बसली की! काढ ती पाटी." तिसलेमने माझ्यावरच्या विश्वासाने ते मान्य केलं.

ती स्वतः पाटी काढायला आली. काढून झाल्यावर सिदातीने तिला चहाला बसवलं.

"पहिला पेला कडूच असतो, पोरी. तोंड वाकडं करू नकोस."

"साखरेची कंजुषी म्हणा की, काका!"

"आज साखर माझ्या लेकीसाठी, सलकासाठी ठेवलीय. शेळ्या घेऊन येतेय, खनिजाच्या ढिगावर बसून. येईलच गाडी."

मग तो नमाजाच्या तयारीला उठला. त्याने माझ्यावर तळवे टेकले, आणि तिसलेमच्या मांडीवरच्या संगणकाच्या पडद्यावर रेघा उसळल्या.

"गाडी आली?" तिने दचकून पाहिलं. रूळ रिकामा होता. "काका, हातात काय आहे?"

"दगड."

"कुठला?"

"रुळातला. का, आता दगडांचीही झडती घेता का?"

ती ताडकन उठली. "काका, लाल निशाण! पळा! खडी खचलेलीच आहे!"

सिदाती अनवाणीच धावला. चालकाने ब्रेक लावले, पण एवढी अजस्र गाडी जागेवर थोडीच थांबते? इंजिन वळण ओलांडून गेलं. मागे रूळ दबला, एक डबा कलंडला आणि खनिज भसाभस वाळूत ओतलं गेलं. मग कुठे गाडी थांबली. सिदाती एकामागून एक डबा ओलांडत, "सलका! सलका!" करत पळत होता.

अगदी मागच्या डब्यावरून खनिजाच्या धुळीने काळीठिक्कर झालेली एक मुलगी उतरली, काखेत पिल्लू घेऊन. "अहो बाबा, किंचाळताय काय? शेळी बुजली ना!"

म्हाताऱ्याने तिला तंबूत आणलं. मग मला उचलून त्याने तिसलेमला विचारलं, "हा दगडच नव्हे ना? मग माझ्या एवढ्या दिवसांच्या नमाजांचं काय?"

"ते कबूल होतील, काका. तुम्हाला माहीत नव्हतं. मला मात्र पाटी काढण्याआधी एकदा वाकून पाहता आलं असतं."

त्याने स्वतःच्या हाताने मला पुन्हा खडीत ठेवलं. वाळू अजून येतेच आहे, आणि पाटी काढा असं पुन्हा कुणीतरी म्हणू लागलं आहे. मित्रांनो, माझी बॅटरी आता संपत आली आहे. एक दिवस मी गप्प होईन. तेव्हा खडी बसली असं समजू नका. या, वाकून पाहा, हात लावून बघा. वरून गाडी जाते, आणि गाडीवर कुणाची तरी सलका बसलेली असते.