रविवारचं चाक

जेसी लेडलॉनं बहात्तराव्या वर्षी खांद्याचं हाड मोडून घेतलं. तेही डोंगर उतरताना नव्हे. डोंगर सुखरूप उतरून झाल्यावर, सपाट रस्त्यावर, पोस्टातल्या बाईला हात करताना. पण हे तिच्या मुलीला कोण पटवणार? मॉइरा एडिनबरात नर्स होती. पडलेल्या म्हाताऱ्या दिवसभर तिच्या हाताखालून जात, आणि प्रत्येकीत तिला आई दिसे.

"दगडांच्या फेरीला जा तू," वसंत सुरू झाला तशी मॉइरा म्हणाली. "मी डोंगराखालच्या फाटकापाशी उभी राहीन. नेहमीसारखी उधळत आलीस, तर सायकल विकायची. जागच्या जागी चालवायची सायकल आणून देते. बैस पुढच्या खोलीत टीव्ही बघत पाय मारत."

"आणि पोचू कुठं?"

"कुठंच नाही, आई. तेच तर हवंय."

जेसीनं अट कबूल केली. हळू उतरायचं, एवढंच ना? पण चाळीस वर्षांत ती एकदाही हळू उतरली नव्हती, आणि उतार दिसला की आपले हात आपलं ऐकत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दगडांची फेरी लोकरीच्या गिरणीतल्या बायकांनी सुरू केली होती, गिरणी बंद पडली त्या वसंतात. घरी बसून रडण्यापेक्षा सायकली काढू, म्हणाल्या. प्रत्येकीनं ट्वीड नदीतला एक दगड पिशवीत घालून डोंगरमाथ्यावर न्यायचा आणि ढिगावर ठेवायचा. कशासाठी, ते तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. पुढं ढीग इतका वाढला की त्यात मेंढ्यांचे पाय अडकतात अशी मेंढ्यांच्या मालकानं तक्रार केली. तेव्हापासून एक दगड वर ठेवायचा आणि एक खाली आणायचा असा नियम झाला. त्यामुळं आता ढीग वाढतही नसे, कमीही होत नसे, पण फेरी मात्र कुणी चुकवत नसे.

त्या वेळच्या सायकली म्हणजे नुसतं लोखंड. स्प्रिंग म्हणजे आपली ढोपरं. खाली पोचेपर्यंत दात खिळखिळे व्हायचे आणि हसून हसून पोटात दुखायचं. तेव्हा वीसेकजणी होत्या. त्यांतल्या सायकलीवर आता दोघीच उरल्या, जेसी आणि नेटा. बाकीच्या मोटारीनं फाटकापर्यंत येत आणि चहाचे थर्मास सांभाळत. नेटाच्या सायकलला बॅटरी होती, पण ती नसल्यासारखी नेटा धापा टाकत चढे.

जेसीच्या आताच्या सायकलला पुढं स्प्रिंग होती आणि मागंही. वॅटीनं, तिच्या नवऱ्यानं, ती साठाव्या वाढदिवसाला घेतली होती. या वर्षी बायकोच्या काळजीनं त्यानं आणखी एक गोष्ट केली. मागचं चाक बदललं आणि नव्या चाकाला दुकानातला सर्वांत रुंद टायर बसवला. चिखलाला धरून राहील, घसरणार नाही. बसवल्यावर सायकल खुंटीला टांगून टायर आणि सीटखालच्या दांड्याच्या मधून त्यानं करंगळी फिरवली. गावातली ही जुनी रीत. करंगळी मोकळी फिरली की चाक मोकळं.

जुन्या सायकलींच्या बाबतीत ते खरंच होतं. त्यांचा सांगाडा एकसंध. खुंटीवर जेवढी फट, तेवढीच डोंगरावर. या सायकलचा मागचा भाग मात्र बिजागरीवर हलणारा. खड्ड्यात आदळली की मागची स्प्रिंग दबते आणि चाक वर उचललं जाऊन थेट दांड्याकडं येतं. वॅटीला हे ठाऊक होतं; त्याच्या करंगळीला ठाऊक नव्हतं.

गावातल्या गुळगुळीत रस्त्यावर जेसीनं सायकल फिरवून पाहिली, तेव्हा काहीच वाजलं नाही.

फेरीच्या दिवशी ती दोन दगड घेऊन चढली, कारण वॅटीचं ढोपर सुजलं होतं आणि त्याचाही दगड जायलाच हवा होता. "बटाट्याएवढा आहे गं," तो म्हणाला होता. तो चांगला पावाएवढा निघाला. माथ्यावर दोन ठेवले, नियमाप्रमाणं दोन उचलले, आणि ती उताराला लागली.

पहिल्याच मुळावरून सायकल उडाली आणि आपटली. खर्रर्र! मागून कुणी कोट धरून ओढावं तशी सायकल अडली. जेसीनं बोटांकडं पाहिलं. ब्रेकवर एकही बोट नव्हतं. पुढच्या दगडावर पुन्हा खर्रर्र, पुन्हा तीच ओढ. वेग घ्यावा म्हटलं की धक्का बसे आणि घेतलेला वेग गळून जाई.

म्हणजे म्हातारपण असं येतं तर, जेसीला वाटलं. आपल्याला न सांगता अंगच घाबरायला लागतं. मॉइरा सांगत होती ते खरंच असेल. नेहमी जिथं ती ओरडत सुटे, त्या वळणावर ती तोंड मिटून, दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसासारखी उतरली.

फाटकापाशी मॉइराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आई! किती शहाण्यासारखी उतरलीस गं!"

इतका मोठा अपमान जेसीचा गिरणीतल्या मुकादमानंही केला नव्हता.

"मला वाटलं, मध्येच उतरून फुलं तोडत बसलीस," नेटा म्हणाली.

"मी रुंद टायर बसवलाय ना," वॅटीनं मॉइराला अभिमानानं सांगितलं. "त्याचाच गुण."

"मग सायकल राहू दे," मॉइरा म्हणाली. "पण बाबा, हा टायर काढायचा नाही. कधीच."

घरी मॉइरा आत मनुक्यांचं गोड डम्पलिंग गरम करत होती, तेव्हा जेसी अंगणात चिखल धूत होती. दांड्याच्या मागच्या बाजूला तिचा हात थांबला. तिथला निळा रंग पार गेला होता, खाली धातू चकचकत होता. टायरच्या गाठी चाकूनं सोलाव्यात तशा सपाट झाल्या होत्या.

ती बादलीत पाणी हिंदकळेल इतकी हसली.

"वॅटी! इकडं ये. बस सीटवर. सगळं वजन टाक. आता घाल करंगळी."

वॅटी बसला, उसळला, त्यानं मागं वाकून पाहिलं आणि करंगळी मुठीत लपवली. "खुंटीवर तर जात होती," तो पुटपुटला.

"खुंटीवर मी बसत नाही रे!"

"थांब, मॉइराला सांगतो. चूक माझी."

"खबरदार!" जेसीनं त्याची बाही धरली. "ती मला शहाणी समजतेय. टायर घासत होता म्हणून सांगितलंस, तर उद्या ती टीव्हीसमोरची सायकल दारात येईल."

"मग काय, हेच चाक दांडा खात राहील?"

"तुझ्या आईची एक टोपी होती बघ, फक्त रविवारी चर्चला घालायची. आठवडाभर खोक्यात."

वॅटीला उमजायला थोडा वेळ लागला. मग तो शेडमध्ये गेला आणि जुनं चाक, जुन्या अरुंद टायरसकट, पुसत बाहेर आला.

संध्याकाळी मॉइरा निघताना रुंद टायरवर हात फिरवून गेली. "दर रविवारी येऊन बघणार आहे हं."

"ये की," जेसी म्हणाली. "रविवारी हेच चाक असेल."

सोमवारी ती माथ्यावरून सुटली. मागून कुणी कोट ओढला नाही. वळणावर ती इतकी ओरडली की मेंढ्या बाजूला झाल्या. मग सपाट रस्ता लागला, पोस्ट आलं, आणि पोस्टातल्या बाईनं दारातून हात केला. जेसीनं दोन्ही हात हँडलवर घट्ट धरले आणि नुसती मान हलवली.