थोरलीवरचं उदाहरण

थोरली जाऊ खुर्चीवरून उठली असती, तर धाकटीचा फायदा उघड होता: शब्दकोशाच्या कचेरीत प्रमुख संपादकपद, आणि घरी वर तोंड करून बोलायची मुभा. अठरा वर्षं ती सहसंपादक म्हणून थोरलीच्या हाताखाली शब्दांचे अर्थ लावत होती. घरीही हाताखालीच.

म्हणून महिनाभर तिने मुद्रितशोधकाला कामाला लावलं होतं. थोरलीने तपासलेली शब्दांची कार्डं तो हळूच मागेपुढे करी आणि मग सगळ्यांदेखत विचारी, "बाई, हे तुमच्या नजरेतून सुटलं वाटतं?" थोरली आता एकेक कार्ड तीनतीनदा बघू लागली होती. व्यवस्थापक थोरलीकडे बघू लागले होते.

अशात 'डीस्टेबिलाइज' हा इंग्रजी शब्द धाकटीच्या वाट्याला आला. अर्थ तिने झटक्यात लिहिला: 'स्थैर्य खिळखिळे करणे. पाडणे नव्हे, उभे असलेले डळमळीत करणे.' सरकार, बाजार, चलन, सगळ्यांची उदाहरणं मिळाली, माणसाचं मिळेना. कचेरीचा नियम कडक होता. मनाने रचलेलं वाक्य चालत नसे. खरोखर कुणी बोललेलं हवं, आणि खाली कोण, कुणाला, कधी याची नोंद. कार्डं दुपारी छापखान्यात जायची होती. धाकटीला एक अस्सल वाक्य आठवलं आणि हात सवयीने चालला.

थोरलीने कार्ड वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग व्यवस्थापकांना बोलावून खणखणीत आवाजात वाचलं: "'तिला रोज एक चूक दाखवत जा, माणूस असाच डीस्टेबिलाइज करायचा असतो.' बोलणार: सहसंपादक. ऐकणार: मुद्रितशोधक. सोमवार, चहाची सुट्टी."

"जाऊबाई, ते नुसतं उदाहरण आहे हो," धाकटी पुटपुटली.

"झकास आहे गं! अर्थाला कुठे धक्का नाही. धक्का मलाच."

"मी आपलं सांगितलं ते केलं," मुद्रितशोधक म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

व्यवस्थापक धाकटीला काढायलाच निघाले होते. थोरलीने हात वर केला. "हिला राहू द्या. घरी बसली तर दिवसभर माझ्याच मुळावर उठेल. इथे निदान डोळ्यांसमोर असते."

थोरलीची खुर्ची राहिली. धाकटीची नोकरी राहिली. मुद्रितशोधकाला ना कुणाची खुर्ची हवी होती, ना त्याला कुणी जाऊ होती; संध्याकाळी डबा आणि छत्री घेऊन कायमचा घरी गेला तो तोच.