बिनखुलाशाची खुर्ची

धाकट्याचा सिनेमा बघायला जायचं होतं त्या सकाळी समीक्षकाने नेहमीपेक्षा सावकाश दाढी केली. धाकटा म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ. चाळिशीला टेकला होता, डोक्यावरचे केसही पातळ झाले होते, तरी घरात तो धाकटाच. धंदा मार खाण्याचा. सिनेमात नायक जिन्यावरून गडगडत खाली येतो आणि मग उठून कपडे झटकतो, त्यातला गडगडण्याचा भाग धाकट्याचा असे. कपडे झटकण्याचा भाग त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

“अहो, चार ओळी बऱ्या लिहा त्याच्याबद्दल,” बायको दारात उभी राहून म्हणाली.

“नामावलीत नाव आहे का त्याचं?”

“नाही.”

“मग कुणाबद्दल लिहू?”

“पाठ आहे ना त्याची. अर्ध्याहून जास्त सिनेमाभर त्याचीच पाठ आहे. पाठीबद्दल लिहा.”

समीक्षकाने गाल ताणून धरला. नात्यागोत्यासाठी आपण आजवर एक ओळ खोटी लिहिलेली नाही, असं तो फेसातून म्हणाला. हे वाक्य बायकोने लग्नापासून ऐकलेलं होतं, त्यामुळे तिने ते कानाआड केलं आणि मुद्द्यावर आली. निर्मात्याने धाकट्याला शब्द दिला होता: वर्तमानपत्रांनी या दुसऱ्या भागाला बरं म्हटलं, तर तिसऱ्या भागात नायकाचा हरवलेला भाऊ म्हणून धाकटा. तोंडासकट.

“गुडघे गेलेत हो त्याचे. आणखी एक-दोन वर्षं, मग संपलंच. एकदा तरी त्याचं तोंड दिसू दे पडद्यावर.” एवढं बोलून ती चहा ठेवायला गेली. समीक्षकाने उरलेली दाढी करताना हनुवटी कापून घेतली.

समीक्षकाच्या लेखणीला सगळे वचकून असत आणि त्याला ते मनापासून आवडत असे. त्याच्या पेपरात तारे नव्हते, खुर्च्या होत्या. परीक्षणाच्या खाली पाचपैकी किती खुर्च्या, त्याचं छोटं चित्र छापत. आणि त्याचा स्वतःचा एक नियम होता: फुकट खुर्ची नाही. दिलेल्या प्रत्येक खुर्चीचा खुलासा शेवटच्या परिच्छेदात. ‘एक संगीताला, एक म्हाताऱ्या वकिलाच्या कामाला, अर्धी कुत्र्याला.’ वाचक आधी खुर्च्या बघत, मग खुलासा, आणि वेळ उरला तर मधलं. खुलासा जुळला नाही तर पत्रं येत. धाकटा तर शुक्रवारच्या शुक्रवारी पेपर उघडून खुर्च्यांपासूनच वाचायला सुरुवात करी.

सिनेमाचं नाव होतं ‘सातवा ठोसा: भाग दोन’. पहिला भाग तुफान चालला होता. त्यातल्या नायकाला लोक चित्ता म्हणत. चौथ्या मजल्यावरून उडी मारणारा हा चित्ता दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या घरी साबणावरून घसरून गेला, आणि त्या बातमीवर बरेच दिवस कुणाचा विश्वास बसेना. समीक्षकाने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला होता. पहिल्या भागाच्या शेवटी जळून गेलेल्या आखाड्याकडे पाठ करून चित्ता निघून जातो, डावा खांदा किंचित पडलेला, चेहरा दिसतच नाही. त्या दृश्याबद्दल समीक्षकाने लिहिलं होतं, ‘इतर नटांच्या चेहऱ्याला जे जमत नाही, ते याच्या पाठीला जमायचं.’ लोकांनी ते वाक्य कापून ठेवलं. त्यालाही ते आवडलं होतं. अधूनमधून तो ते काढून वाचत असे.

आता तेच वाक्य थिएटरबाहेरच्या पोस्टरवर होतं, पेपरच्या नावासकट, चित्त्याच्या नावाहून मोठ्या अक्षरात. निर्मात्याकडे नायक नव्हता, पण नायकाच्या पाठीची शिफारस होती. समीक्षक पोस्टरसमोर क्षणभर उभा राहिला आणि कुणी ओळखीचं बघत नाही ना, याची खात्री करून आत गेला.

सिनेमाविषयी थोडक्यात सांगायचं तर तो मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचा प्रकार होता, आणि लोणीही पुरेसं नव्हतं. निर्मात्याच्या हाती चित्त्याची जुनी, टाकून दिलेली थोडी चित्रफीत लागली होती. तिच्यात चित्ता एकदा डावीकडे बघतो, एकदा शिंकतो आणि एकदा हसतो. हे तिन्ही तुकडे आलटून पालटून येत होते. नायकाच्या आईला पळवून नेलं, नायक डावीकडे बघतो. आईचं प्रेत सापडलं, नायक शिंकतो. खलनायकाने आईच्या खुनाची कबुली दिली तेव्हा नायक प्रसन्न हसला, आणि मागची भिंत हिरवी होती ती पिवळी झाली. मग नायकाचा चेहरा भाजतो आणि त्यावर पट्टी बांधली जाते. डॉक्टर म्हणतो, ‘पट्टी काढायची नाही.’ डॉक्टरचं हे म्हणणं सिनेमात सगळ्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

बाकी पाठ. पाठ चालते, पाठ लढते, पाठ दाराशी उभी राहून शपथ घेते. पुढच्या रांगेतले दुसऱ्या पेपरांचे समीक्षक पोट धरून हसत होते. एकजण प्रत्येक शिंकेला ‘देव भलं करो’ म्हणत होता. समीक्षकालाही हसू येत होतं. परीक्षणाची पहिली दोन वाक्यं तर डोक्यात तयारच झाली होती.

मग गुरूच्या मृत्यूचा प्रसंग आला. गुरूचं काम करणारा नट बहुधा परत आला नव्हता, म्हणून गुरूचा फोटो हवा होता, आणि कला विभागाने भिंतीवर जो फोटो लावला तो खुद्द चित्त्याचाच. म्हणजे चित्ता मरून चित्त्यालाच श्रद्धांजली वाहत होता. फोटोही धड नव्हता. कापलेल्या कडेवर चित्त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा अर्धा हात तसाच राहून गेला होता. थिएटरात हास्याचा स्फोट झाला.

पाठ फोटोसमोर उभी राहिली. काही केलं नाही तिने. डावा खांदा थोडा खाली आला, आणि मग दोन्ही खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, संगीतही नव्हतं, बहुधा विसरले असावेत. पाठ रडत होती. पुढची रांग हसता हसता थांबली, आणि कुणीतरी उगाच खोकलं.

हा खांदा समीक्षकाने पाहिला होता. जळालेल्या आखाड्याकडे पाठ करून निघून गेलेला खांदा तो हाच. त्याला आठवलं, धाकटा लहानपणी कपाटावरून पडला होता आणि त्याचं हाड वेडंवाकडं जुळलं होतं, असं बायको कधीतरी म्हणाली होती. इतकी वर्षं धाकटा त्याच्या घरी येत होता आणि समीक्षकाला हे कळलं नव्हतं. टेबलाशी समोरासमोर बसल्यावर माणसाची पाठ दिसत नाही. आणि धाकटा जायला निघाला की समीक्षक तोवर पेपरात तोंड घालून बसलेला असे.

दुपारी तो घरी लिहायला बसणार, तोच धाकटा आला. खुर्चीत बसताना त्याने टेबलाचा आधार घेतला, गुडघा दाबला आणि बहिणीने पुढे केलेलं पाणी घटाघटा प्यायला.

“बघितलात, भाऊजी?”

“बघितला.”

“हसले का लोक?”

खोटं बोलायची सोय नव्हती. “हसले,” समीक्षक म्हणाला.

“त्याला हसले.” धाकट्याने पेला खाली ठेवला. “मला हसले असते तर काही वाटलं नसतं, आपला धंदाच आहे. पण लोकांना वाटणार तोच आहे तो. तोच शिंकतोय, तोच भिकार लढतोय. भाऊजी, तुम्ही लिहा की यात तो नाही.”

“लिहितो. मागे तू आहेस म्हणून लिहितो, आणि चांगला आहेस म्हणूनही लिहितो.” एवढं सरळ वाक्य समीक्षक धाकट्याशी प्रथमच बोलत होता, म्हणून त्याची नजर टेबलावरच्या डागाकडे होती. “फोटोसमोरचं काम फार चांगलं झालंय.”

बायकोने समाधानाने पदर सावरला. धाकट्याचा मात्र चेहरा पडला.

“ते काम नव्हतं. फोटो बघितला आणि रडू आलं. कडेला हात आहे ना त्या फोटोत? तो माझा हात आहे. आम्हा दोघांचा फोटो होता तो. मला कापला आणि त्याला लावला. मला आधी सांगितलंच नव्हतं कुणी. दिग्दर्शक म्हणाला, हे कापून टाकू. पण लांबी कमी पडत होती.”

स्वयंपाकघरात नळ गळत होता.

“चांगलं लिहू नका,” धाकटा म्हणाला. “चांगलं लिहिलंत तर म्हणतील, तो नसला तरी चालतंय. मग तिसरा काढतील, चौथा काढतील, तो बिचारा शिंकतच राहील. लिहा की पाठीमागचा माणूस अगदीच टाकाऊ आहे. चित्त्याशिवाय हे होत नाही म्हणून लिहा. तुम्ही लिहिलंत की लोक ऐकतात.”

“आणि तुझा तिसरा भाग? तोंड?” बहीण म्हणाली.

“या तोंडाचं काय करायचंय आता?”

ती ताडकन उठली. एकाला लिहायचं कळत नाही आणि दुसऱ्याला जगायचं कळत नाही, असं भिंतीला सांगून ती आत गेली आणि तिने भांडी आपटायला सुरुवात केली.

समीक्षकाने आवाज खाली आणला. “पहिल्या भागातलं ते शेवटचं. आखाड्याचं.”

धाकट्याने पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“त्या दिवशी त्याचा पाय मुरगळला होता,” तो म्हणाला. “तुमचा लेख वाचला ना मी, तो गेल्यावर. फार छान होता. ते त्याचंच राहू द्या, भाऊजी.”

समीक्षक लिहायला बसला. लोकांच्या चिंध्या करणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ होता. चहा थंड व्हायच्या आत तो एखाद्या नटाला आयुष्यातून उठवत असे. पण त्या दुपारी एका पाठीला वाईट म्हणता म्हणता त्याला घाम फुटला. लिहिलेलं खोडलं, खोडलेलं परत लिहिलं. नात्यासाठी खोटं लिहायचं नाही हे त्याने पाळलं होतं. नात्यातल्या माणसाविरुद्ध, त्याच्याच सांगण्यावरून खोटं लिहायची वेळ येईल, हे नियम करताना डोक्यात आलं नव्हतं. त्याला धाकट्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग राग बाजूला ठेवून त्याने लिहिलं:

‘यात तो नाही. त्याचा चेहरा चोरून आणलेला आहे आणि पाठ भाड्याची आहे. ही पाठ ज्याची कुणाची असेल, त्याला खांदा कसा टाकावा याचंही भान नाही. ज्या पाठीबद्दल मी एकदा लिहिलं होतं, तिच्या जवळपासही ही जात नाही. ती पाठ गेली. निर्मात्याने आता तिला स्वस्थ पडू द्यावं.’

संध्याकाळी पेपरातून उपसंपादकाचा फोन आला.

“साहेब, खाली एक खुर्ची दिलीत तुम्ही.”

“हो.”

“कशाची ते राहिलंय. वर तर सगळा उद्धारच आहे.”

“राहू दे.”

“पण वाचक विचारतील.”

“विचारू दे,” म्हणून समीक्षकाने फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी धाकटा आला तेव्हा पेपर टेबलावर उघडाच होता. बायकोने तो आधीच वाचला होता, म्हणून समीक्षकाच्या पुढ्यातला चहा बशीत निम्मा सांडलेला होता. धाकट्याने सवयीप्रमाणे खालून वर वाचायला सुरुवात केली, खाली अडखळला, मग वरून खाली वाचलं. ओठ हलत होते. ‘खांदा कसा टाकावा’पाशी त्याने मान हलवली.

“छान लिहिलंय,” तो म्हणाला. “पोहोचलं. आता नाही काढायचे ते तिसरा.”

“चहा घे,” बहीण म्हणाली.

त्याचं बोट पानाच्या तळाशी होतं. “भाऊजी, इथे एक खुर्ची आहे. खुलासा नाहीये तिचा.”

“छपाईची चूक असेल,” समीक्षक म्हणाला.

“यांच्या पेपरात माणसांची नावं चुकतात,” बायको धाकट्याच्या बशीत पावाचा तुकडा ठेवत म्हणाली. “खुर्ची चुकलेली मी कधी पाहिली नाही.”

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. समीक्षक कपात बघत होता. धाकट्याने पाव खाल्ला, चहा संपवला, आणि विचारल्यावाचून पेपरातलं ते पान काढून, घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग टेबलाला रेटा देऊन उठला.

“येतो,” म्हणाला.

समीक्षक उठून त्याच्यामागे दारापर्यंत गेला. असं तो कधी करत नसे. बायको हातातली बशी तशीच धरून बघत राहिली. धाकटा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, गुडघा सांभाळत, डावा खांदा थोडा पडलेला. वळणाशी पोहोचल्यावर तो थांबला आणि त्याचे दोन्ही खांदे हलायला लागले. तो हसत होता की रडत होता, ते पाठीवरून कळेना. समीक्षक हाक मारणार होता, पण मारली नाही. खालचं दार लागेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.